रडारवरच्या काळ्या डागातून तवंगाची जाडी काढता येते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात, सेंटिनेल-१ या रडार-उपग्रहाच्या फेब्रुवारीतल्या एका प्रतिमेत तुम्हाला १२ चौरस किलोमीटरचा काळा डाग सापडला आहे. प्रबंधासाठी तेल किती लिटर सांडलं ते काढायचं आहे. मार्गदर्शक सांगतात, सरासरी जाडी १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, धर आणि गुणाकार करून मोकळा हो. तुम्हाला ते पटत नाही. तुमचं म्हणणं, जिथे डाग जास्त काळा तिथे तेल जास्त जाड असणार, मग काळेपणा आणि जाडी यांचं एखादं सूत्र बसवता येईल का?

मार्गदर्शकांच्या आकड्याबद्दलची तुमची शंका रास्त आहे, पण तुम्ही काढलेला उपाय त्याहून घातक आहे. १ मायक्रॉन धरलं तर उत्तर चुकेल, पण निदान वाचणाऱ्याला ते धरून चाललेलं आहे हे दिसेल. काळेपणाचं सूत्र लावलंत तर तीच चूक मोजमापाचे कपडे घालून येईल.

आधी गणित समोर ठेवतो. १ चौरस किलोमीटरवर १ मायक्रॉन जाडीचा थर म्हणजे १ घनमीटर, १,००० लिटर. हे एक पाठ करून टाका, पुढे सगळं तोंडी होतं. तुमचे १२ चौरस किलोमीटर जर नुसती चंदेरी झाक असेल, तर जाडी ०.०४ मायक्रॉनपर्यंत खाली जाते, म्हणजे ४८० लिटर. २०० लिटरची अडीच पिंपंसुद्धा नाहीत. तेच सगळं २०० मायक्रॉनचं काळं तेल असेल, तर २४ लाख लिटर. सीमारेषा तीच, प्रतिमा तीच, उत्तरात पाच हजार पटींचा फरक. क्षेत्रफळ मोजताना तुम्ही दहा-वीस टक्के इकडे तिकडे झालात तरी काही बिघडत नाही. सगळा खेळ जाडीचा आहे.

माझं सांगतो. मी बरीच वर्षं विमानातून तवंगांची पाहणी केली आणि आता खुर्चीत बसून प्रतिमा वाचतो. सुरुवातीच्या काळात एका मालवाहू जहाजाच्या गळतीनंतर ९ चौरस किलोमीटरचा तवंग मोजला. मधला भाग धातूसारखा चकाकत होता, म्हणून घाईत सगळ्याच तवंगाला सरासरी ५० मायक्रॉन लावले. ४५० घनमीटर! अहवाल गेला. दुसऱ्या दिवशी जहाजावरच्या टाक्यांचं साउंडिंग आलं, म्हणजे टाकीत पट्टी सोडून तेलाची पातळी मोजतात ते. कमी भरलेलं तेल होतं ११-१२ घनमीटर. फुटलेल्या टाकीत मी सांगितलं त्याच्या निम्मंही तेल कधी नव्हतं. तेव्हापासून मी तवंगाकडे बघण्याआधी विचारतो, सांडणारं भांडं केवढं होतं?

आता रडारकडे वळू. सेंटिनेल-१ चा रडार तेल बघत नाही, तो पाण्याचा खडबडीतपणा बघतो. त्याची तरंगलांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर. तिरप्या कोनातून येणारी ही लहर समुद्रावरच्या साधारण पाच सेंटिमीटर लांबीच्या बारीक लाटांवरून परत फिरते. तेल पसरलं की या बारीक लाटा बसतात, परतीचा संकेत घटतो आणि डाग काळा दिसतो. कोळ्यांना हे रडारच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे, तेलकट पाणी लांबूनच गुळगुळीत दिसतं.

पण लाटा बसवायला किती तेल लागतं? अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळ क्लॅपहॅमच्या तळ्यात जेमतेम चमचाभर तेल ओतलं आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं झालं. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे, साधारण २,००० चौरस मीटर. चमचा ५ मिलिलिटरचा धरा आणि भागाकार करा. जाडी येते सुमारे अडीच नॅनोमीटर, म्हणजे एका मायक्रॉनचा चारशेवा भाग. जवळजवळ एका रेणूचा थर! एवढ्याशा थरानेही लाटा झोपतात. मग त्याच्या हजारपट जाड तेलाने त्या आणखी किती झोपणार? झोपलेल्याला आणखी काय झोपवायचं? काळेपणा लवकरच तळाला पोचतो आणि पुढे जाडी वाढली तरी प्रतिमेत फारसं काही बदलत नाही.

त्यात दुसरी अडचण उपकरणाची. सेंटिनेल-१ चा स्वतःचा गोंगाट, म्हणजे समुद्रातून न येता उपकरणातूनच उठणारा संकेत, साधारण उणे २२ डेसिबलच्या आसपास असतो. तवंगावरून येणारा संकेत बऱ्याचदा त्या पातळीला जाऊन टेकतो. तिथे तुम्हाला जो "जास्त काळा, कमी काळा" फरक दिसतो, तो तेलाचा नसून उपकरणाचा असू शकतो. म्हणून उभं-उभं ध्रुवीकरण, म्हणजे व्हीव्ही (लहर उभी पाठवायची, उभीच परत घ्यायची), तेच वापरा. व्हीएचमध्ये (उभी पाठवून आडवी घेतलेली) समुद्र मुळातच गोंगाटाच्या पातळीला असतो, त्यात तवंग शोधणं म्हणजे अंधारात काळं मांजर शोधणं.

आणि मुळात तुमचा डाग तेलाचाच आहे कशावरून? हे तुम्ही विचारलेलं नाही, पण परीक्षक विचारतील. फेब्रुवारी महिना आहे. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात नॉक्टिल्युका हा सूक्ष्म प्लवक बहरतो, रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांच्या बातम्या येतात ना, तोच. मान्सूनपूर्व महिन्यांत ट्रायकोडेस्मियम या दुसऱ्या सूक्ष्मजीवाचे पट्टे येतात. अशा बहरांतून सुटणारं सेंद्रिय तेलकट द्रव्य नेमका तोच रेणूभर थर करतं आणि रडारला तेलासारखंच काळं दिसतं. शिवाय वारा सेकंदाला दोन-तीन मीटरच्या खाली असेल तर स्वच्छ समुद्रही काळाच दिसतो. उलट वारा १०-१२ मीटरच्या वर गेला की तेल पाण्यात घुसळलं जातं आणि खरा तवंगसुद्धा दिसेनासा होतो. तेव्हा त्या दिवशीचा, त्या वेळचा वारा काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तरी रडार अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. वारा मध्यम असेल, तर तवंगाबाहेरच्या स्वच्छ पाण्याचा संकेत भागिले तवंगातला संकेत, असं गुणोत्तर काढा. त्यावरून "इथे तुलनेने जाड, इथे तुलनेने पातळ" एवढं सांगता येतं. मायक्रॉन नाहीत, फक्त तुलना. याहून पुढे जाणारं काम २०१० साली मेक्सिकोच्या आखातात झालं. डीपवॉटर होरायझनची तेलविहीर २० एप्रिलला फुटली आणि १५ जुलैपर्यंत वाहत राहिली. त्या जूनमध्ये नासाने यूएव्हीएसएआर नावाचा, साधारण २४ सेंटिमीटर तरंगलांबीचा रडार विमानातून तिथे फिरवला. त्याचा गोंगाट अतिशय कमी होता. जिथे तेल आणि पाणी घट्ट मिसळलेलं होतं, तिथे पृष्ठभागाचे विद्युत गुणधर्मच बदललेले दिसले, त्यामुळे जाड भाग वेगळा काढता आला. पण ते विमान होतं, समुद्रापासून बारा-तेरा किलोमीटरवर. ३० जुलै २०२५ ला सुटलेल्या निसार या नासा-इस्रोच्या उपग्रहावरही तसाच लांब तरंगलांबीचा रडार आहे, म्हणून मला त्याच्याकडून आशा आहे. मात्र सुमारे ७४७ किलोमीटरवरून तीच करामत जमेल असं मी आत्ताच लिहून देणार नाही.

रडारच्या प्रतिमेत मी काळेपणापेक्षा आकार जास्त वाचतो. जाड तेल वाऱ्याबरोबर साधारण वाऱ्याच्या तीन टक्के वेगाने सरकतं, आणि पातळ झाक शेपटीसारखी मागे राहते. म्हणून खऱ्या, ताज्या तवंगाची वाऱ्याच्या दिशेची कड बहुधा ठसठशीत असते आणि मागची कड पिसासारखी विस्कटलेली. वाऱ्याचा बाण प्रतिमेवर काढून बघा. ठसठशीत कड वारा जातो त्या बाजूला असेल, तर जाड तेल तिथे शोधायचं. कड चहूबाजूंनी सारखीच मऊ असेल, तर मला आधी बहराचाच संशय येतो.

आता जाडीबद्दल ज्यावर मी खरोखर विश्वास ठेवतो त्याकडे येतो, आणि ऐकून तुम्हाला हसू येईल. माणसाचा डोळा. युरोपात उत्तर समुद्राच्या बॉन कराराखाली रंगांची एक सांकेतिक सूची आहे आणि विमानातून पाहणी करणारे सगळे तीच वापरतात. चंदेरी-करडी झाक म्हणजे ०.०४ ते ०.३ मायक्रॉन. इंद्रधनुषी म्हणजे ०.३ ते ५. धातूसारखी चकाकी म्हणजे ५ ते ५०. तेलाचा खरा रंग तुटक-तुटक दिसत असेल तर ५० ते २००, आणि सलग दिसत असेल तर २०० च्या पुढे. पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यात जे रंग दिसतात ते दुसऱ्या पायरीचे. थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या घरात असते, म्हणून वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून रंग उमटतात. पहिल्या तीन पायऱ्या प्रकाशाच्या करामती आहेत, तेल कुठलं याने तिथे फारसा फरक पडत नाही. मिसळीच्या भाषेत सांगायचं तर तिथवर सगळा तवंग आहे, तर्री चौथ्या पायरीपासून सुरू होते.

खिडकीतून हे कसं दिसतं तेही सांगतो, कारण सूचीत ते येत नाही. समोरून सूर्य असेल तर सगळंच चांदीसारखं लखलखतं आणि काहीच कळत नाही. पायलटला सांगून तवंगाभोवती वळसा घ्यायचा, सूर्य पाठीशी घ्यायचा आणि शक्य तितकं सरळ खाली बघायचं. मग करड्या झाकेच्या मध्ये पट्टे दिसू लागतात, वाऱ्याच्या दिशेने ओढलेले. एखाद्या पट्ट्याच्या पोटात तपकिरी-काळे ठिपके असतात. पहिल्यांदा बघणारा झाकेच्या पसाऱ्यानेच घाबरतो आणि ठिपके सोडून देतो. ढगाची सावली पडली की तेच धातूवाणी पट्टे एकदम काळे भासतात. अशा वेळी सावली सरकेपर्यंत आकडा लिहायचा नाही.

तुमच्याच १२ चौरस किलोमीटरवर हे लावून बघू. समजा ७० टक्के करडी झाक, २० टक्के इंद्रधनुषी, ८ टक्के धातूवाणी आणि २ टक्के तुटक खरा रंग. झाकेतून येतात ३३६ ते २,५२० लिटर. इंद्रधनुषीतून ७२० ते १२,०००. धातूवाणीतून ४,८०० ते ४८,०००. आणि त्या दोन टक्क्यांतून १२,००० ते ४८,०००. बेरीज साधारण १८,००० ते १,१०,००० लिटर. किमान हिशोबात दोन तृतीयांश तेल दोन टक्के जागेत आहे! आमच्याकडे ढोबळ नियमच आहे, ९० टक्के तेल १० टक्के जागेत असतं. म्हणून "सरासरी जाडी" हा शब्द मला आवडत नाही. बूम (तेल अडवणारा तरंगता अडसर) आणि स्किमर (तेल उपसणारं यंत्र) घेऊन निघालेल्या बोटीला सरासरीचा काहीच उपयोग नसतो, तिला ते दोन टक्के कुठे आहेत एवढंच हवं असतं. तेल जागेवर जाळायचं असेल तर थर किमान दोन-तीन मिलिमीटरचा लागतो, तिथे तर मायक्रॉनची भाषाच संपते.

डोळ्याला मदत करणारी उपकरणंही आहेत, पण प्रत्येकाला आपापली खिडकी आहे. अतिनील कॅमेऱ्याला अगदी पातळ झाकसुद्धा दिसते, जाडीचा फरक मात्र कळत नाही. औष्णिक कॅमेऱ्यात दिवसा जाड तेल उन्हाने तापून गरम दिसतं, मधल्या जाडीचं तेल उलट पाण्यापेक्षा थंड दिसतं आणि पातळ झाक दिसतच नाही. गरम-थंडची ही सीमा ५० ते १५० मायक्रॉनच्या दरम्यान कुठेतरी पडते. दोन्ही प्रतिमा एकावर एक ठेवल्या की पसारा आणि जाड गाभा दोन्ही हाती येतात. आजकाल ड्रोनवरही औष्णिक कॅमेरा बसतो. फक्त सकाळ-संध्याकाळच्या सांध्याला तो वापरू नका, तेव्हा तापमानातला फरक मिटून जातो. लेझरने पाण्याचा रामन संकेत, म्हणजे पाण्यावरून तरंगलांबी बदलून परतणारा प्रकाश, किती दबला ते मोजून १०-२० मायक्रॉनपर्यंत जाडी काढता येते. निष्क्रिय सूक्ष्मलहरी रेडिओमीटर (स्वतः लहर न पाठवता पृष्ठभागातून निघणाऱ्या लहरी मोजणारा) ५० मायक्रॉनपासून काही मिलिमीटरपर्यंत चालतो, पण त्याचा संकेत जाडीबरोबर वर-खाली होत राहतो. म्हणून एकाच वाचनाला दोन-तीन उत्तरं निघतात आणि ती सोडवायला एकाहून अधिक वारंवारता लागतात. उपग्रहावरच्या अशा रेडिओमीटरचा एक ठिपका कित्येक किलोमीटरचा असतो, तुमच्या कामाला तो निरुपयोगी.

या सगळ्यांना दगा देतं ते इमल्शन. कच्चं तेल किंवा फर्नेस ऑइल लाटांत घुसळलं गेलं की त्यात ६० ते ८० टक्के पाणी शिरतं आणि तपकिरी-नारिंगी, श्रीखंडासारखा घट्ट लगदा होतो. रंगांची सूची त्याला लागू पडत नाही, औष्णिक कॅमेराही बऱ्याचदा फसतो. तुम्ही १ मिलिमीटर मोजाल, त्यात तेल पाव मिलिमीटरच असेल. डीपवॉटर होरायझनच्या वेळी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने यावर तोड काढली. नासाचं अव्हिरिस हे उपकरण विमानातून नेलं आणि १.२, १.७ आणि २.३ मायक्रॉन तरंगलांबीजवळ तेलातले कार्बन-हायड्रोजन बंध प्रकाश शोषतात, त्याच्या खोलीवरून जाडी आणि तेल-पाण्याचं प्रमाण काढलं. तरी त्यांनी आकडा दिला तो "किमान इतकं" असाच, कारण विमानाने तवंगाचा काही भागच पाहिला होता आणि प्रकाश थरात काही मिलिमीटरच शिरतो. सेंटिनेल-२ या, रडार नव्हे तर प्रकाशातल्या प्रतिमा घेणाऱ्या उपग्रहाचे तरंगलांबीचे पट्टे या बारीक खुणांसाठी फार रुंद आहेत. पण जाड नारिंगी इमल्शन त्याच्या अवरक्त पट्ट्यांत उजळ उठून दिसतं, तेवढं बघून घ्या.

सेंटिनेल-२ ची प्रतिमा त्याच दिवसाची मिळाली तर एक सावधगिरी. सेंटिनेल-१ आपल्याकडे स्थानिक वेळेनुसार सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या आसपास जातो, सेंटिनेल-२ साडेदहाच्या सुमारास. सकाळची फेरी धरली तरी मध्ये साडेचार तास गेलेले असतात. वारा सेकंदाला ५ मीटर असेल, तर तीन टक्क्यांच्या हिशोबाने तवंग अडीच किलोमीटर सरकलेला असतो, भरती-ओहोटीचा प्रवाह वेगळाच. दोन प्रतिमा तशाच एकमेकांवर टाकून "जाडीचा नकाशा" काढलेले प्रबंध मी वाचले आहेत. त्यांतलं जाड तेल स्वच्छ पाण्यात पडलेलं असतं.

बोटीवरून जाडी मोजणं सोपं असेल असं वाटत असेल, तर तसंही नाही. वजन करून ठेवलेला शोषक पॅड तवंगावर टेकवतात, पुन्हा वजन करतात. पण पॅड लाटेवर हलला की आजूबाजूचं तेलही ओढून घेतो आणि जाडी फुगते. बोटीच्या नाळेने तवंग फाटतो ते वेगळंच. तुम्ही प्रयोगशाळेत ट्रे भरून बघा. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये २४ मिलिलिटर तेल म्हणजे हिशोबाने १०० मायक्रॉन. ओतल्यावर दिसेल काय, तर फर्नेस ऑइल एका कोपऱ्यात भाकरीएवढं जमून बसलंय आणि उरलेल्या पाण्यावर झाक. तासभर त्या ट्रेशी झटलात की सरासरी जाडी म्हणजे काय ते कुठल्याही लेखापेक्षा चांगलं कळेल. डिझेलने करून बघा, ते कसं पसरतं तेही कळेल.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ यांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडल्याचा जो आकडा पुढे आला, त्याची मदार जहाजावरच्या तेलाच्या हिशोबावर असते, तवंगाच्या रंगावर नाही. ऑगस्ट, वर ढग, खाली उसळलेला समुद्र, आणि तेल थेट खाडीच्या खारफुटीत शिरलेलं. अशा वेळी आकाशातून जाडी मोजणं जवळपास अशक्य. कोकणात आणि गोव्यात मान्सूनच्या तोंडावर किनाऱ्याला लागणारे तेलगोळेही असेच. ते येताना पाण्यावर तवंग उरलेलाच नसतो, मग जाडी कशाची मोजणार?

तुमच्या प्रबंधापुरतं मी असं करेन. वारा तपासून आणि कडांचा आकार बघून डाग तेलाचा असण्याची शक्यता किती ते आधी स्पष्ट लिहेन. मग संकेताच्या गुणोत्तरावरून डागाचे दोनच भाग करेन, जाड वाटणारा आणि पातळ वाटणारा. पाच नाहीत, दोनच. पातळ भागाला झाक-इंद्रधनुषीची मर्यादा लावेन, जाड भागाला धातूवाणी ते खरा रंग, आणि लिटर किमान-कमाल असेच देईन. ती कमाल मर्यादा त्या भागातून जाणाऱ्या जहाजाच्या बंकर टाकीत, म्हणजे इंधनाच्या टाकीत, मावेल का, हेही तपासेन. मार्गदर्शकांचा १ मायक्रॉन त्या पट्ट्यात कुठे बसतो ते एका ओळीत दाखवून द्या, वाद घालायची गरज पडणार नाही.

पुढचं बोलायला मला तीन गोष्टी लागतील: प्रतिमेची तारीख आणि वेळ, त्या वेळचा वारा दिशेसह, आणि डागाची ठसठशीत कड कुठल्या बाजूला आहे. व्हीव्हीची मूळ प्रतिमा डेसिबलमध्ये द्या, कॉन्ट्रास्ट ताणलेली नको.